हजार की एक हजार चोवीस? संगणकाच्या मापांचा घोळ आणि आपला व्यापार

चिंचोळी एमआयडीसीत टॉवेल-चादरीचा कारखाना चालवणाऱ्याला आता सूत, रंग आणि वीज यांच्या जोडीला आणखी एक माल वरचेवर विकत घ्यावा लागतो. तो माल म्हणजे संगणकातील साठवणुकीची जागा. जीएसटीची बिले, ई-वे बिले, कामगारांची हजेरी, जकार्डच्या डिझाइनच्या फाइली, गेटवरच्या कॅमेऱ्यांचे चित्रण, हे सर्व हार्ड डिस्कवर किंवा पेन ड्राइव्हवर राहते. सूत आपण किलोवर घेतो, कापड मीटरवर घेतो, टॉवेल किलोवर आणि डझनावर विकतो. या मापांची आपल्याला लहानपणापासून ओळख आहे. परंतु जीबी आणि टीबी या नव्या मापांची नीट ओळख करून न घेताच आपण त्यांचे व्यवहार करू लागलो आहोत, आणि त्यातून भांडणे होत आहेत.

असेच एक भांडण मध्यंतरी आमच्यासमोर आले. सोलापूर-पुणे महामार्गावरच्या आपल्या या वसाहतीतील एका टॉवेल कारखानदारांनी ओळखीच्या संगणक दुकानदाराकडून एक-एक टीबीच्या सहा हार्ड डिस्क घेतल्या, काही कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरसाठी, काही ऑफिससाठी. बिलावर एक टीबी, डब्यावर एक टीबी. ऑफिसातल्या मुलाने डिस्क संगणकाला जोडली तर पडद्यावर आकडा आला ९३१ जीबी. दुसरी लावली, तीही ९३१. एक टीबी म्हणजे १०२४ जीबी असे हा मुलगा कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकलेला. त्याने हिशोब मांडला : डिस्कमागे ९३ जीबी कमी, सहा डिस्कमागे ५५८ जीबी कमी, म्हणजे अर्ध्या डिस्कहून जास्त माल आलाच नाही. कारखानदारांनी पैसे अडवले. दुकानदार म्हणाले, कंपनीचा सीलबंद माल आहे, आम्ही डबा फोडलेला नाही. दोघेही एकाच मोहल्ल्यातले, वर्षानुवर्षांचे खाते असलेले. बोलाचाली वाढत वाढत मापात मारल्याच्या आरोपापर्यंत गेली. हा आरोप आपल्यात किती जड आहे हे सांगावयास नको. उधारी थकली तर माणूस वाट पाहतो, परंतु ‘याने माप मारले’ हा शब्द एकदा बाजारात गेला की एतबार उठतो.

आम्ही दोघांनाही सांगितले की माल पूर्ण आला आहे, आणि पडद्यावरचा आकडाही खोटा नाही. हे ऐकून दोघेही आमच्याकडे संशयाने पाहू लागले. तेव्हा हा हिशोब आम्ही त्यांच्यापुढे मांडला, तोच येथे सविस्तर मांडत आहोत, कारण असा गैरसमज त्या दोघांपुरता नाही.

एक नाव, दोन किमती

आपल्या वडीलधाऱ्यांनी हा घोळ वेगळ्या रूपात पाहिलेला आहे. १९५७ पूर्वी रुपयाचे सोळा आणे होते, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै. म्हणजे रुपयाचे पैसे झाले ६४. हे १६ आणि ६४ कोठून आले? एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ, आठाचे सोळा. निम्म्यानिम्म्याने तोडत जाण्याचा हा हिशोब आहे. गजाचे सोळा गिरह आणि शेराचे सोळा छटाक हेही त्याच घराण्यातले. हाताने माल वाटायचा असेल तेव्हा निम्मे करणे सर्वात सोपे. कापड एकदा दुमडले की अर्धे, पुन्हा दुमडले की पाव, तिसऱ्यांदा दुमडले की आठवा हिस्सा. कापडाचे दहा समान भाग नुसत्या घडीने कोणी करून दाखवावेत! मराठी शाळांतून पावकी, निमकी आणि पाऊणकीचे पाढे घोकून घेत, ते याच हिशोबासाठी.

१ एप्रिल १९५७ रोजी सरकारने रुपयाचे शंभर भाग केले, आणि या शंभराव्या भागाचे नावही पैसाच ठेवले. आता बाजारात दोन पैसे झाले. जुना पैसा रुपयाचा चौसष्टावा हिस्सा, नवा पैसा शंभरावा हिस्सा. काही वर्षे दोन्ही नाणी एकाच गल्ल्यात पडत होती. ग्राहक एक पैसा म्हणाला तर कोणता, हा सवाल रोजचा झाला असता. सरकारने एक शहाणपणा केला. नव्या नाण्यावर ‘नया पैसा’ असे छापले. जुना पैसा चलनातून गेला, तेव्हा १ जून १९६४ पासून ‘नया’ हा शब्द काढून टाकला. आज चार आणे म्हणजे २५ पैसे आणि आठ आणे म्हणजे ५० पैसे हे तोंडात बसलेले आहे, कारण ते सरळ बसते. एका आण्याचे मात्र सव्वासहा पैसे होत, आणि त्या पाव पैशावरून गिऱ्हाइकाशी वाद घालावा की सोडून द्यावा, हे ज्याचे त्याने ठरवावयाचे.

मणाची गोष्ट तर याहून अवघड. मुंबईचा मण २८ पौंडांचा होता आणि बंगालचा मण ८२ पौंडांहून थोडा अधिक. मुंबईच्या व्यापाऱ्याने कलकत्त्याला नुसते ‘शंभर मण’ असे कळवले, तर दोन गावांत दोन ढीग उभे राहत. १९५६ च्या वजनमापे कायद्याने आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने लागू झालेल्या मेट्रिक पद्धतीने हा प्रश्न मिटवला. खंडी मात्र कापसाच्या बाजारात टिकून आहे, पण तिचे माप सर्वांना ठाऊक आहे : सुमारे ३५६ किलो. म्हणून तिच्यावरून भांडण होत नाही.

संगणकाच्या बाबतीत नेमके पैशासारखे झाले आहे. एकाच नावाची दोन मापे बाजारात आहेत, आणि कोणते वापरले ते सांगणारा ‘नया’ हा शब्द तेथे कोणी लावत नाही.

१०२४ हा आकडा आला कोठून

साठवणुकीचा दाणा म्हणजे बाइट. इंग्रजीचे एक अक्षर ठेवण्यास एक बाइट लागतो. (आजच्या प्रचलित पद्धतीत उर्दूच्या अक्षराला दोन आणि मराठीच्या अक्षराला तीन बाइट लागतात, हे जाता जाता सांगून ठेवतो. संगणकावर इंग्रजी स्वस्त पडते ते असे.) किलो म्हणजे हजार हे आपण सारे जाणतो. किलोग्रॅम म्हणजे हजार ग्रॅम, किलोमीटर म्हणजे हजार मीटर. मग किलोबाइट म्हणजे हजार बाइट असावयास हवे होते. परंतु संगणकाची मेमरी बनवणाऱ्यांनी त्याला १०२४ मानले.

ज्याने जकार्डचे कार्ड पंच केले आहे त्याला याचे कारण चटकन समजेल. कार्डावर एका जागी छिद्र आहे किंवा नाही. हूक उचलला जाईल किंवा खाली राहील. तिसरा प्रकार नाही. एका हुकाने दोन प्रकार होतात, दोन हुकांनी चार, तीन हुकांनी आठ, चार हुकांनी सोळा. असे दहा हुकांपर्यंत गेलो की १०२४ निरनिराळे प्रकार तयार होतात. फ्रान्समधल्या लियाँ शहरात जाकारने १८०४ साली जे तत्त्व मागावर बसवले, तेच तत्त्व संगणकाच्या चिपमध्ये विजेवर चालते : तारेत वीज आहे किंवा नाही. दहा तारांनी मेमरीतील १०२४ घरांचे पत्ते सांगता येतात. घरे हजारच बांधली तर चोवीस पत्ते वाया जातात. म्हणून घरे १०२४ बांधतात. इंजिनिअर मंडळींनी पाहिले की १०२४ हे हजाराच्या अगदी जवळ आहे, आणि बोलण्याच्या सोयीसाठी त्यालाच किलो म्हणू लागले. रुपयाच्या सोळा आण्यांप्रमाणेच हा दुपटीचा हिशोब आहे, नाव मात्र दशमानाचे.

हार्ड डिस्कला हे बंधन नाही. ती फिरती तबकडी असते. तिच्यावर चुंबकीय वर्तुळे किती आणि एका वर्तुळाचे तुकडे किती, हे तबकडीच्या आकारावर आणि कारागिरीवर ठरते, दुपटीवर नव्हे. आयबीएमने १९५६ साली पहिली डिस्क असलेले यंत्र काढले तेव्हा तिची क्षमता पन्नास लाख अक्षरे अशी सरळ दशमानात सांगितली होती. डिस्कवाले हजाराने मोजतात, मेमरीवाले १०२४ ने मोजतात, आणि दोघेही किलो, मेगा, गिगा हीच नावे वापरतात.

काही लोक म्हणतात की आकडा मोठा दिसावा म्हणूनच कंपन्यांनी हजाराचे माप धरले. आम्हाला हे अर्धेच खरे वाटते. किलो म्हणजे हजार मानणे हे मुळात बरोबर आहे, त्यात लबाडी नाही. परंतु आपले गिऱ्हाईक घरी जाऊन पडद्यावर लहान आकडा पाहते आणि गोंधळते, हे माहीत असूनही डब्यावर बारीक अक्षरांत एक ओळ छापून गप्प बसणे, यात विक्रीची सोय पाहिलेली आहे हे नक्की.

फरक वाढत का जातो

सुरुवातीला या फरकाने कोणाचे काही अडले नाही, कारण किलोबाइटच्या काळात तो हजारी २४ इतकाच होता, म्हणजे शेकडा २.४. परंतु मेगा म्हणजे किलोचे किलो, गिगा म्हणजे त्याचे पुन्हा किलो. प्रत्येक पायरीवर १०२४ ने गुणले जाते. चक्रवाढ व्याजापासून आपण दूर राहतो, पण हा फरक चक्रवाढीनेच चढतो. मेगाबाइटला तो शेकडा ४.८६ होतो, गिगाबाइटला ७.३७ आणि टेराबाइटला ९.९५.

आपल्या ओळखीच्या आकड्यांत सांगावयाचे तर डिस्क कंपनीचा एक जीबी म्हणजे १०० कोटी बाइट. दुपटीच्या हिशोबाचा एक जीबी म्हणजे १०७ कोटी ३७ लाख ४१ हजार ८२४ बाइट. डिस्क कंपनीचा एक टीबी म्हणजे एक लाख कोटी बाइट. दुपटीच्या हिशोबाचा टीबी म्हणजे एक लाख नऊ हजार नऊशे एकावन्न कोटींहून अधिक.

आता त्या सहा डिस्कचे कोडे सुटते. कंपनीने डिस्कमध्ये एक लाख कोटी बाइट भरून दिले आहेत. विंडोज ही प्रणाली त्यांना १०७ कोटी ३७ लाखांनी भागते आणि ९३१ असा जबाब देते. येथपर्यंत ठीक. परंतु त्या ९३१ पुढे ती ‘जीबी’ असेच लिहिते, आणि सारे भांडण तेथे सुरू होते. शंभर वार कापडाचा तागा मीटरपट्टीने मोजला तर ९१.४४ मीटर भरतो. कोणी म्हणत नाही की साडेआठ मीटर कापड चोरीला गेले, कारण वार वेगळा आणि मीटर वेगळा हे नावावरूनच कळते. वाराला आणि मीटरला दोघांनाही ‘मीटर’ म्हणू लागलो तर प्रत्येक ताग्यावर मारामारी होईल. डिस्कचे तसे झाले आहे.

आम्ही त्या कारखानदारांच्या संगणकावर डिस्कच्या चिन्हावर माउसचे उजवे बटण दाबून ‘प्रॉपर्टीज’ उघडले. तेथे जीबीच्या आकड्याशेजारी बाइटचा पूर्ण आकडाही लिहिलेला असतो. तो मोजला तर एक लाख कोटींच्या वर भरला. डब्यावरचे वचन पूर्ण होते. पैसे त्याच आठवड्यात चुकते झाले. मुलाचेही खोटे नव्हते, क्लासमध्ये त्याला एकच माप शिकवले होते.

एक गोष्ट येथे ध्यानात ठेवावी. हाच आकडा सर्व यंत्रांवर सारखा दिसत नाही. ॲपल कंपनीने आपल्या मॅक संगणकांवर २००९ पासून हजाराचे माप घेतले, त्यामुळे ५०० जीबीची डिस्क तेथे ५०० दिसते आणि विंडोजवर ४६५. अँड्रॉइडनेही २०१७ साली आलेल्या आठव्या आवृत्तीपासून हजाराचे माप धरले. तेव्हा भागीदाराच्या मॅकवर एक आकडा आणि आपल्या विंडोजवर दुसरा आकडा दिसला, तर डिस्क बदलली असा संशय घेऊ नये. उलट संगणकाची चालू मेमरी, जिला रॅम म्हणतात, ती आजही १०२४ च्याच मापाने विकली जाते. आठ जीबी रॅम म्हणजे दुपटीचे पूर्ण आठ. म्हणजे एकाच डब्यातून आलेल्या लॅपटॉपमध्ये रॅमचा जीबी मोठा आणि डिस्कचा जीबी लहान! बिलावर दोन्ही ओळी एकाखाली एक असतात.

फ्लॉपीचा किस्सा तर गमतीचा आहे. इलेक्ट्रॉनिक जकार्डवर डिझाइन नेण्यासाठी ज्यांनी साडेतीन इंची फ्लॉपी वापरली असेल त्यांना तिच्यावरचा १.४४ एमबी हा आकडा आठवत असेल. तिच्यात १४,७४,५६० बाइट बसत. हे हजाराच्या मापाने १.४७ होतात आणि १०२४ च्या मापाने १.४१. मग १.४४ आले कोठून? तर १०२४ चे किलो १४४० मोजले आणि त्यांना पुढे हजाराने भागले. एक हात मीटरचा, एक हात वाराचा, असे ते माप होते.

कारखान्यातील हिशोब

प्रत्यक्ष कामात हा फरक कोठे नडतो ते पाहू. समजा आपले जकार्ड १३४४ हुकांचे आहे. प्रत्येक पिकला प्रत्येक हुकासाठी ‘उचल’ किंवा ‘राहू दे’ असा एक निर्णय लागतो. या एका निर्णयाला बिट म्हणतात, आणि आठ बिट मिळून एक बाइट होतो. म्हणजे एका पिकला १६८ बाइट. तीन हजार पिकांच्या डिझाइनला ५,०४,००० बाइट. हजाराच्या मापाने ही फाइल ५०४ केबी, १०२४ च्या मापाने ४९२ केबी. (फाइलीच्या माथ्यावरची माहिती वेगळी, ती थोडी असते.) डिझायनरने फोनवर ‘फाइल ५०४ची आहे’ असे सांगितले आणि आपल्या संगणकावर ४९२ दिसली, तर फाइल अर्धवट आली असे समजून पुन्हा पाठवण्याचा आग्रह आपल्याकडे अनेक जण धरतात. दोघांनीही बाइटचा पूर्ण आकडा वाचून दाखवावा. तो जुळला तर आकाराने फाइल पूर्ण आली आहे.

कॅमेऱ्यांच्या बाबतीत नुकसान अधिक होऊ शकते. चार कॅमेरे, प्रत्येकाचे चित्रण सेकंदाला दोन मेगाबिट या गतीने साठत आहे असे धरू. चारांचे मिळून आठ मेगाबिट, म्हणजे सेकंदाला एक मेगाबाइट. दिवसाचे सेकंद ८६,४००. म्हणजे दिवसाला ८६,४०० एमबी, हजाराच्या मापाने ८६.४ जीबी. एक टीबीच्या डिस्कवर १००० भागिले ८६.४, म्हणजे साधारण साडेअकरा दिवसांचे चित्रण राहील. आता एकाने पडद्यावरचे ९३१ घेतले आणि त्यांना या ८६.४ ने भागले, तर उत्तर येते पावणेअकरा दिवस. दुसऱ्याने क्लासमधले १०२४ घेतले, तर बारा दिवसांच्या जवळ. डिस्क एकच, आणि जबाब तीन. यातला पहिला बरोबर आहे, कारण त्यात वरचा आकडा आणि खालचा आकडा एकाच मापाचे आहेत. सर्व हिशोब १०२४ च्या मापाने केला तरी चालतो. तेव्हा दिवसाचे चित्रण ८०.५ जीबी होते, आणि ९३१ ला ८०.५ ने भागले तरी उत्तर साडेअकराच येते. माप कोणतेही धरा, पण वर-खाली एकच धरा. जुने चित्रण पुसून रेकॉर्डर त्यावर नवे लिहीत जातो, म्हणून माल गहाळ झाल्याचे बाराव्या दिवशी लक्षात आले तर तो एक दिवस फार महाग पडतो.

इंटरनेटच्या गतीचा घोटाळा याचाच भाऊ आहे, पण फार मोठा. ‘१०० एमबीपीएस’ या योजनेतील लहान बी हा बिटचा असतो. सेकंदाला १०० मेगाबिट म्हणजे आठाने भागून साडेबारा मेगाबाइट. फाइल उतरवताना पडद्यावर बारा-साडेबारा दिसले तर कंपनीने फसवले असे नाही. तीन-चारच दिसू लागले तर मात्र तक्रार करावी. येथे फरक शेकड्याचा नसून आठपटीचा आहे, म्हणून दरपत्रक वाचताना तो बी कोणता हे विचारून घेतलेले बरे.

नवे नाव आले, पण चालले नाही

या घोळावर उपाय झालाच नाही असे नाही. विजेच्या आणि इलेक्ट्रॉनिक मालाची मानके ठरवणारा आयईसी हा आंतरराष्ट्रीय आयोग आहे. त्याने डिसेंबर १९९८ मध्ये दुपटीच्या मापांना वेगळी नावे दिली : १०२४ बाइटना किबीबाइट, त्यापुढे मेबीबाइट, गिबीबाइट, टेबीबाइट. किलो, मेगा, गिगा ही नावे केवळ हजाराच्या मापासाठी राखून ठेवली. हाच तो ‘नया पैसा’. लिनक्सच्या काही प्रणालींत ही नावे दिसतात. परंतु विंडोजने ती घेतली नाहीत, दुकानदाराच्या तोंडी ती आली नाहीत, आणि जे नाव बाजार बोलत नाही ते कागदावरच राहते. आपल्या सरकारने नाण्यावरच शब्द छापला होता. येथे नाणे पाडणारे अनेक, आणि कोणावर कोणाचा हुकूम नाही.

अमेरिकेत यावरून खटले झाले. वेस्टर्न डिजिटल कंपनीने २००६ साली तडजोड करून ग्राहकांना बॅकअपचे सॉफ्टवेअर मोफत दिले. सीगेट कंपनीने २००७ च्या तडजोडीत ग्राहकांना किमतीच्या शेकडा पाच परत देण्याचे किंवा सॉफ्टवेअर देण्याचे मान्य केले. त्यानंतर डब्यावर ‘१ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट’ अशा अर्थाची ओळ छापण्यावर कंपन्यांनी भर दिला. पुढे सॅनडिस्कच्या पेन ड्राइव्हवरून असाच दावा झाला तेव्हा कॅलिफोर्नियातील न्यायालयाने २०२० साली तो फेटाळला, कारण डब्यावर माप स्पष्ट लिहिलेले होते. आपल्याकडील वैध मापन कायदा २००९ चा असून तो १ एप्रिल २०११ पासून लागू आहे, आणि तो वजनमापांसाठी मेट्रिक पद्धतच मानतो, जीत किलो म्हणजे हजार. तेव्हा केवळ ९३१ दिसले म्हणून दुकानदाराविरुद्ध तक्रार घेऊन गेल्यास हाती काही लागेल असे आम्हाला वाटत नाही.

खरी चोरी कोठे आहे

वाचक बांधवांनो, आतापर्यंत आम्ही दुकानदाराची बाजू मांडली. आता दुसरी बाजू. मापाचा हा फरक खरा आहे म्हणूनच त्याच्या आडोशाने खोटा मालही विकला जातो.

यासाठी एक तोंडी हिशोब पाठ करावा. डब्यावर जीबीचा जो आकडा असेल त्यातून शेकडा सात वजा करावे, तेवढे विंडोजवर दिसावयास हवे. १६ चे १४.९, ३२ चे २९.८, ६४ चे ५९.६, १२८ चे ११९, २५६ चे २३८, ५०० चे ४६५, एक टीबीचे ९३१. पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्डात थोडी जागा राखीव ठेवलेली असते, म्हणून याहून एखाद-दोन टक्के कमी दिसले तर चालेल. परंतु ३२ च्या कार्डावर २९ ऐवजी २४ दिसले आणि विकणारा म्हणू लागला की हा मापाचा फरक आहे, तर ते ऐकून घेऊ नये. नव्या लॅपटॉपची गोष्ट थोडी वेगळी. त्यात विंडोजने व कंपनीने काही जागा आधीच अडवलेली असते, आणि डिस्कचे भागही केलेले असतात. म्हणून एकट्या सी ड्राइव्हचा आकडा पाहून निर्णय करू नये, ‘डिस्क मॅनेजमेंट’मध्ये पूर्ण डिस्कचा आकडा पाहावा.

याहून वाईट प्रकार म्हणजे पाच-सातशे रुपयांत मिळणारे ‘दोन टीबी’चे पेन ड्राइव्ह. त्यांच्या आत आठ किंवा सोळा जीबीची चिप असते, आणि आकडा सांगणाऱ्या भागाला खोटे बोलण्यास शिकवलेले असते. संगणकाला जोडल्यावर पडद्यावर दोन टीबीच्या हिशोबाचा आकडा बरोबर दिसतो. म्हणजे येथे आपला शेकडा सातचा हिशोबही उपयोगाचा नाही, कारण चोराने तोही जुळवून ठेवला आहे. पहिल्या काही फाइली नीट राहतात. खरी जागा भरली की पुढच्या फाइलींची नावे तेवढी दिसतात, उघडावयास गेले तर आत काही नसते, किंवा जुन्या फाइलींवरच नव्या लिहिल्या जातात. जीएसटीच्या कायद्याप्रमाणे वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने हिशोबाची कागदपत्रे जपून ठेवावी लागतात. ती अशा ड्राइव्हवर ठेवली असतील तर नोटीस येईल त्या दिवशीच कळेल की ती नाहीत. आयुष्यभराची डिझाइने अशा ड्राइव्हवर ठेवून जुना संगणक भंगारात देणारे कारागीर आम्ही पाहिले आहेत.

याची परीक्षा करता येते. एच२टेस्टडब्ल्यू नावाचा छोटा प्रोग्रॅम विंडोजवर मोफत चालतो, लिनक्स आणि मॅकसाठी एफ३ नावाचा आहे. तो पूर्ण ड्राइव्ह काठोकाठ भरतो आणि भरलेले सर्व परत वाचून पाहतो. मोठ्या ड्राइव्हला यात कित्येक तास जातात, म्हणून रात्री लावून ठेवावा. ड्राइव्ह नवा आणि रिकामा असतानाच हे करावे, आपला माल त्यात भरल्यानंतर नव्हे. खोटा निघाला तर दुसऱ्याच दिवशी बिलासह परत न्यावा. बिल घेतलेले नसेल तर परत नेण्यास काही उरत नाही, तेव्हा दोनशे रुपयांच्या कार्डाचेही बिल घ्यावे, आणि त्यावर कंपनीचे नाव, क्षमता व नंबर लिहून घ्यावा.

दुकानदार बांधवांना एवढेच सुचवावयाचे की बिलाच्या तळाशी एक ओळ छापून ठेवावी : ‘डिस्कची क्षमता १ जीबी = १०० कोटी बाइट या मापाने आहे; विंडोजवर १ टीबीचे सुमारे ९३१ दिसतील.’ छपाईला वेगळा खर्च येत नाही, आणि गिऱ्हाइकाने डबा उघडण्यापूर्वीच ती त्याला वाचून दाखवता येते.